अंगण खरेंच वाकडें असेल तर?

‘नाचतां येईना, अंगण वाकडें’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. शाळेंत तर तिचा उपयोग रोज होतो. ज्याला गणित सुटलें नाहीं त्यानें पेन्सिलीस दोष दिला, किंवा जो धांवण्यांत मागें पडला त्यानें बुटांस दोष दिला, कीं आम्ही शिक्षक ही म्हण त्याच्या अंगावर फेंकतों आणि पुढच्या बाकाकडे वळतों. म्हण खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. आळशी माणसाला सबबींची उणीव कधींच भासत नाहीं, व त्याच्यासाठीं ती योग्यच आहे. परंतु या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, अंगण सपाट आहे हें आपण आधीं पाहून घेतलें आहे. बहुधा आपण तें पाहिलेलें नसतें. गेल्या वर्षीं मला स्वतःला या चुकीचा जो अनुभव आला तो या अंकाच्या वाचकांपुढें मांडावा, आणि त्यावरून माझें जें मत बनलें तेंही सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माझा एक भाचा तेरा वर्षांचा आहे. जन्मापासून त्याचे हातपाय त्याच्या इच्छेप्रमाणें चालत नाहींत. मेंदूच्या ज्या भागाकडून स्नायूंना आज्ञा जाते त्या भागास जन्माच्या सुमारास इजा झाल्यानें ही स्थिति येऊं शकते; वैद्यकांत तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मुलाची बुद्धि उत्तम, वाचनाची आवड मोठी; परंतु लेखणी हातांत धरवत नाहीं. मान मात्र तो बऱ्याच अंशीं सांभाळूं शकतो. म्हणून माझ्या बहिणीनें त्याच्या संगणकावर एक असें सॉफ्टवेअर बसवून घेतलें कीं, ज्यायोगें डोक्याच्या हालचालीनें पडद्यावरील बाण हलवितां यावा. पडद्यावर अक्षरांचा फलक दिसतो. मान वळवून बाण हव्या त्या अक्षरावर न्यावा, क्षणभर तेथें स्थिर ठेवावा, कीं तें अक्षर उमटतें. अशा रीतीनें एकेक अक्षर जोडून त्यानें आपल्या आजीला पहिलें पत्र लिहिलें, त्या दिवशीं घरांत सणासारखा आनंद झाला.

पण थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. बाण थरथरूं लागला. ‘क’ वर न्यावा तर तो ‘ख’ वर जाई. मध्येंच पडद्याच्या कोपऱ्यांत पळे. एक ओळ लिहावयास अर्धा तास लागे. बहीण मला म्हणाली, “दादा, तूं विज्ञान शिकवतोस, जरा येऊन बघ ना.” मी गेलों तेव्हां संध्याकाळ झाली होती. मीं पाहिलें आणि पांच मिनिटांत निकाल दिला: “अरे, मान स्थिर ठेव.”

तो म्हणाला, “मामा, मी मान हलवलीच नाहीं.”

“हलवलीस म्हणूनच बाण हलला ना?” मीं विचारलें. त्यानें वाद घातला नाहीं.

बाहेरच्या खोलींत येऊन मीं बहिणीस सांगितलें कीं, शाळेंतून आल्यावर तो दमतो, मान त्याच्या ताब्यांत राहत नाहीं, तेव्हां या यंत्राकडून आपण फार अपेक्षा करूं नये. माझें अनुमान ऐकावयास शहाणपणाचें होतें. तें मीं कसोटीस मात्र लावलेलें नव्हतें.

हें यंत्र काय करतें तें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, म्हणजे माझी चूक वाचकांच्या ध्यानीं येईल. संगणकावरील वेबकॅम दर सेकंदास साधारण ३० चित्रें घेतो. पहिल्या चित्रांत आपण चेहऱ्यावरील एक ठिकाण, समजा नाकाचा शेंडा, निवडावयाचें असतें. सॉफ्टवेअर त्याभोंवतीं एक लहानसा चौकोन कल्पून त्यांतील उजेड-सावलीची ठेवण लक्षांत ठेवतें. पुढच्या चित्रांत तशीच ठेवण कोठें दिसते तें शोधतें. ती जेवढी सरकली असेल त्या प्रमाणांत बाण सरकवितें. अमेरिकेंतील बॉस्टन युनिव्हर्सिटीमधील मार्ग्रिट बेटके व बॉस्टन कॉलेजमधील जेम्स गिप्स आणि त्यांचे सहकारी पीटर फ्लेमिंग यांनीं ‘कॅमेरा माऊस’ या नांवाची अशी एक योजना २००२ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली, व २००७ सालापासून ती लोकांना विनामूल्य मिळूं लागली. अलीकडचीं कांहीं सॉफ्टवेअरें एका बिंदूवर न थांबतां सबंध चेहरा न्याहाळतात, व डोकें डावी-उजवीकडे वळलें, वर-खालीं झुकलें कीं खांद्याकडे कललें हें ओळखतात. विमान चालविण्याचे खेळ खेळणारीं मुलेंही त्यांचा उपयोग करतात. परंतु जात कोणतीही असो, मूळ गोष्ट एकच. कॅमेऱ्याला मुलाचें डोकें म्हणून कांहीं ठाऊक नसतें. त्याच्यापुढें असतो केवळ उजेड आणि सावली. म्हणून उजेड हलला तरी यंत्राला वाटतें, डोकें हललें.

पंधरा दिवसांनीं एका रविवारीं सकाळीं मी सहज त्यांच्याकडे गेलों. भाचा लिहीत होता, आणि बाण अगदीं सरळ चालला होता. मीं त्याचें कौतुक केलें. तो म्हणाला, “मामा, सकाळीं हा माझें ऐकतो. रात्रीं ऐकत नाहीं.”

हें वाक्य त्यानें आईला पूर्वींही सांगितलें होतें. आम्हीं दोघांनीं त्याचा अर्थ ‘रात्रीं मी दमलेला असतों’ असा लावला होता. तो तसें म्हणाला नव्हता.

त्या दिवशीं मी संध्याकाळपर्यंत थांबलों. दिवे लागल्यावर भाच्याला बाजूस बसवून मी स्वतः त्याच्या जागीं बसलों. माझी मान धडधाकट आहे. तरी बाण थरथरला. मग मीं भिंतीवरचें कॅलेंडर काढून खुर्चीच्या पाठीस टेकवून ठेवलें आणि त्यावरील एका ठळक अंकावर तो चौकोन बसविला. कागदाला स्नायु नसतात, कागद दमतही नाहीं. तरीही बाण थरथरतच राहिला. भाचा माझ्याकडे पाहून हंसला. मला मात्र हंसवेना. पंधरा दिवस आम्हीं एका निर्दोष मुलाला दोषी ठरविलें होतें, आणि तें खोटें पाडण्यास एक कॅलेंडर पुरलें.

आतां दोष कोठें होता तें सांगतों. कारण दुसऱ्या एखाद्या घरीं याचा उपयोग होईल.

पहिला दोष दिव्याचा व कॅमेऱ्याच्या मांडणीचा. आपल्या देशांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, आणि जुन्या लोखंडी चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड दर आवर्तनांत दोनदां, म्हणजे सेकंदास १०० वेळां, कमी-जास्त होतो. आपल्या डोळ्यांना तें जाणवत नाहीं. कॅमेरा मात्र चित्र एकदम घेत नाहीं. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमानें घेतो. कांहीं ओळी उजेड अधिक असतां घेतल्या जातात, कांहीं कमी असतां. आणि चित्रावर काळसर पट्टे उमटून वर-खालीं सरकूं लागतात. यावर उपाय म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत विजेच्या आवर्तनांची संख्या ठरविण्याची सोय असते. अमेरिकेंत ही संख्या ६० आहे, आणि आमच्या कॅमेऱ्यांत तीच ठेवलेली होती. ती ५० केल्याबरोबर पट्टे नाहींसे झाले व बाणाची थरथर बरीच कमी झाली. सकाळीं खिडकीचा उजेड असे, ट्यूबलाइट बंद असे. म्हणून सकाळीं यंत्र त्याचें ऐकत होतें.

दुसरा दोष अंधाराचा. उजेड कमी पडला कीं कॅमेरा आपण होऊन प्रत्येक चित्रास अधिक वेळ देतो. मग सेकंदास ३० चित्रांच्या जागीं १५ च मिळतात, आणि हलणाऱ्या चेहऱ्याचें चित्र पुसट येतें. दोन चित्रांमध्यें नाक बरेंच पुढें गेलेलें असतें; तें न सांपडल्यानें सॉफ्टवेअर गालालाच नाक समजून बसतें, आणि बाण कोपऱ्यांत पळतो. आमची ट्यूबलाइट मुलाच्या पाठीमागें होती, म्हणून चेहरा सावलींत पडे. एक साधा टेबलाचा दिवा पडद्याच्या बाजूस, चेहऱ्यावर उजेड पडेल पण डोळे दिपणार नाहींत असा ठेवला, आणि बाणाचें पळणें थांबलें.

तिसरा दोष आमचा स्वतःचा. बाण थरथरतो म्हणून बहिणीनें पूर्वींच सॉफ्टवेअरमधील ‘हालचाल गुळगुळीत करा’ ही मात्रा शेवटपर्यंत वाढवून ठेवली होती. या मात्रेनें थरथर झांकली जाते, पण बाण मागें रेंगाळतो. मुलानें मान थांबविली तरी बाण पुढें सरकतच राही; तो परत आणावयास मुलानें मान उलट वळवावी, तों बाण दुसऱ्या बाजूस जाई. खरा दोष गेल्यावर ही मात्रा पुन्हा कमी केली, आणि बाण त्याच्या मानेबरोबर चालूं लागला. एका दोषावर दुसऱ्याचें पांघरूण घातलें कीं दोन्ही दडून बसतात, आणि शेवटीं मूलच तेवढें उघड्यावर राहतें.

आमच्याकडे नसलेले पण इतरत्र आढळणारे आणखी कांहीं दोष आहेत. चित्रच दिसत नसेल तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनें कॅमेरा अडवून ठेवला आहे काय, किंवा संगणकाच्या मांडणींत कॅमेरा वापरण्यास परवानगी नाकारली आहे काय, हें प्रथम पाहावें. पाठीमागें उघडी खिडकी असल्यास पडदा ओढावा. कॅमेरा फार खालीं किंवा एका बाजूस असल्यास मान सरळ असूनही यंत्रास ती वांकडी भासते. तो साधारण डोळ्यांच्या उंचीवर, समोर असावा. चष्म्यावर दिव्याची झांक पडत असेल तर दिवा थोडा सरकवावा. मूल बसल्या जागीं खालीं घसरलें असेल तर मधला बिंदु नव्यानें ठरवून द्यावा. यांतील एकाही कामास मोठी विद्या लागत नाहीं.

लागते ती शिस्त. दोष शोधतांना एका वेळीं एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, तो वहींत टिपावा, आणि उपयोग न झाल्यास ती गोष्ट पूर्ववत् करून मगच दुसरीकडे वळावें. चार बदल एकदम करणाराला गुण आला तरी तो कशानें आला हें कळत नाहीं, आणि दोष परत आला म्हणजे तो पुन्हा आंधळ्यासारखा चांचपडतो. प्रयोगशाळेंत आम्ही हेंच शिकवतों. घरीं आलों कीं विसरतों. याला मी आणखी दोन नियम जोडीन. शोध यंत्राकडून मुलाकडे जावा, मुलाकडून यंत्राकडे नव्हे. कारण दिवा बदलण्यास दोन मिनिटें लागतात, परंतु ‘तुला जमत नाहीं’ हे शब्द मुलाच्या मनांतून काढण्यास वर्षें लागतात. आणि जो यंत्र वापरतो त्याची साक्ष सर्वांच्या आधीं घ्यावी, व ती त्याच्याच शब्दांत घ्यावी. ‘सकाळीं ऐकतो, रात्रीं ऐकत नाहीं’ या शब्दांत अर्धें उत्तर होतें.

यावर एक आक्षेप येईल, व तो विचार करण्याजोगा आहे. कोणी म्हणेल, ‘असें प्रत्येक वेळीं यंत्रास दोष देऊं लागल्यास मुलें सबबी सांगावयास शिकतील. आणि यंत्रें तपासत बसण्यास शिक्षकाला वेळ कोठें आहे?’ पहिल्या शंकेचें उत्तर असें कीं, सबब व दोषशोधन यांत मोठें अंतर आहे. सबब सांगणारा तपासास भितो. दोष शोधणारा तपास मागतो. माझ्या भाच्यानें ‘मी मान हलवली नाहीं’ म्हटलें तें तपासून पाहण्याजोगें विधान होतें. न तपासतां निकाल देणारा मी होतों, तेव्हां सबब माझीच म्हटली पाहिजे. दुसरीचें उत्तर असें कीं, तो सबंध तपास एका संध्याकाळीं झाला. न केलेल्या तपासाचे पंधरा दिवस कोणाच्या हिशेबीं धरावयाचे?

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. प्रत्येक यंत्र प्रत्येक मुलास मानवेल असें नाहीं. बॉस्टनच्या त्या लेखांतच सांगितलें आहे कीं, तीव्र सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूस इजा झालेल्या १२ जणांनीं कॅमेरा माऊस वापरून पाहिला, त्यांपैकीं ९ जणांना यश आलें. राहिलेल्या तिघांना दुसरें कांहीं साधन हवें होतें, इतकाच याचा अर्थ. चप्पल पायाला आली नाहीं म्हणून कोणी पायाला नापास करीत नाहीं.

कधीं कधीं तर दोष घरांत नसतो, यंत्र घडविणारांच्या हातून झालेला असतो. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत शिकत असतां जॉय बुओलाम्विनी या काळ्या वर्णाच्या संशोधिकेला असें आढळलें कीं, चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला तिचा चेहरा दिसतच नाहीं. तिनें पांढरा मुखवटा चढविला तेव्हां कोठें तें जागें झालें. तिनें हात टेकले नाहींत. टिम्निट गेब्रू या सहकारिणीबरोबर तिनें चेहऱ्यावरून स्त्री कीं पुरुष हें सांगणारीं तीन व्यापारी सॉफ्टवेअरें तपासलीं आणि २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चुकीचें प्रमाण जास्तींत जास्त शेंकडा ०.८ होतें, तर सांवळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतींत तें शेंकडा ३४.७ पर्यंत गेलें होतें. अशीं सॉफ्टवेअरें चित्रांच्या संग्रहांवरून शिकतात, आणि ज्या संग्रहांत गोरे चेहरेच बहुसंख्य असतात त्यांवर शिकलेलें व पारखलेलें यंत्र इतरांच्या बाबतींत अधिक चुकतें. आपल्या मुलांचे वर्ण अनेक छटांचे आहेत, तेव्हां ही बाब आपल्यास परकी नाहीं. त्या दिवशीं ती विद्यार्थिनी ‘माझाच चेहरा बरोबर नाहीं’ असें मानून उठून गेली असती, तर हा दोष आणखी किती काळ झांकलेला राहिला असता!

पालकांस माझी विनंति एवढीच आहे कीं, मुलानें ‘हें चालत नाहीं’ म्हटलें असतां ‘नीट कर’ असें लगेच म्हणूं नका. ‘केव्हां चालत नाहीं? कोठें? आधीं चालत होतें काय?’ हे तीन प्रश्न विचारा. ज्यांचें मूल अशा साधनावर अवलंबून आहे त्यांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं, २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें अशा विद्यार्थ्यास त्याच्या गरजेप्रमाणें वाजवी सोयी देणें हें शिक्षणसंस्थांचें कर्तव्य ठरविलें आहे. साधन वर्गांत आणून ठेवलें एवढ्यानें तें कर्तव्य पुरें होत नाहीं. तें चालतें कीं नाहीं, वर्गाच्या उजेडांत चालतें कीं नाहीं, हें पाहणें त्यांतच येतें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांना संगणकाची माहिती आम्हां शिक्षकांहून अधिक आहे. ती केवळ खेळांत खर्चूं नका. २०२४ सालीं गूगलनें चेहऱ्याच्या हालचालींनीं फोन चालविण्याच्या आपल्या ‘प्रोजेक्ट गेमफेस’ या योजनेचा मूळ संकेत सर्वांस खुला केला, व शिक्षणांत आणि कामकाजांत तिचा उपयोग कसा होईल हें समजून घेण्यासाठीं भारतांतील एका संस्थेची मदत घेतली. म्हणजे हें काम कोठें तरी दूर चाललेलें नाहीं. तुम्हांलाही त्यांत हात घालतां येईल. पण तोंपर्यंत तुमच्या वर्गांत एखादा मित्र असा असेल कीं ज्याचें साधन त्याचें ऐकत नाहीं, तर त्याच्या शेजारीं बसा, त्याला काय दिसतें तें विचारा, आणि त्याच्या जागीं स्वतः बसून पाहा. कॅलेंडर तुमच्याही वर्गांत असेलच.

माझा भाचा आतां रात्रींही लिहितो. मीं त्याची क्षमा मागितली तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं. फक्त दिवा थोडा डावीकडे सरकवावयास त्यानें मला सांगितलें, आणि त्याचें म्हणणें बरोबर होतें. म्हणीवर मात्र माझा राग नाहीं. ती आमच्या वाडवडिलांची आहे आणि पुष्कळदां खरीही ठरते. ती उच्चारण्यापूर्वीं आपण एकदां खालीं उतरून अंगण पाहून यावें, एवढेंच माझें मागणें आहे.